त्या हजार दासी

शर्मिष्ठा दासी होते तो प्रसंग मराठी वाचकाच्या मनात पक्का बसलेला आहे. पाण्यात उतरलेल्या मुलींची वस्त्रं वाऱ्याने एकमेकांत मिसळतात, शर्मिष्ठा चुकून देवयानीचं वस्त्र नेसते, शब्दाने शब्द वाढतो, देवयानी विहिरीत ढकलली जाते आणि ययाति तिला हात देऊन वर काढतो. मग शुक्राचार्यांची मानी लेक असुरांच्या राजाकडे मागणी करते की राजकन्येने माझी दासी व्हावं. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ साली आली. तिच्यात ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने बोलतात, आणि या तिघांत वाचकाचा जीव गुंततो तो शर्मिष्ठेपाशी. आदिपर्वात मात्र देवयानीची मागणी एवढ्यावर थांबत नाही. शर्मिष्ठेने एकटीने येऊ नये, हजार कन्यांसह दासी म्हणून यावं, असं तिचं म्हणणं आहे, आणि त्या हजार जणी येतात. त्यांनी कोणाचं वस्त्र नेसलं नव्हतं आणि कोणाला विहिरीतही ढकललं नव्हतं. शर्मिष्ठेचं दास्य पुढे राजाच्या प्रेमाने उजळलं आणि तिचा मुलगा पुरू गादीवर बसला. त्या हजार जणींचं काय झालं हे व्यासांनी सांगितलं नाही, आणि पुढे कोणी विचारलंही नाही.

जुन्या कथेतलं कडेला उभं असलेलं माणूस निवडायचं आणि त्याच्या नजरेतून सगळी कथा पुन्हा सांगायची, हा कादंबरीचा प्रकार मराठीत भरपूर बहरला. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ साली आली, रणजित देसाईंची ‘राधेय’ १९७३ साली. तारा वनारसे यांनी ‘श्यामिनी’त शूर्पणखेला कादंबरीची नायिका केलं, मंजुश्री गोखले यांनी ‘तुकयाची आवली’ लिहून तुकोबांच्या बायकोकडे पाहायला लावलं. या लेखनाचं कौतुक करताना आपण एकच गोष्ट बोलतो: उपेक्षिताला न्याय मिळाला. मला वाटतं, तो न्याय कसा मिळाला याची नीट तपासणी आपण केलेली नाही. पंगतीत शेवटी बसलेल्या माणसाला उठवून मधल्या पाटावर बसवलं तर त्या एका माणसाचा मान होतो. पंगत तशीच राहते, वाढणारे हातही तेच राहतात, आणि शेवटच्या पाटावर दुसरं कोणीतरी येऊन बसतं. अशा कादंबरीचं मोल ती कोणाला मधल्या पाटावर नेते यावर ठरू नये. मूळ कथा कोणाच्या कष्टावर चालली होती आणि ते कष्ट दिसेनासे कसे झाले, हे ती दाखवते का, यावर ते ठरावं.

‘मृत्युंजय’ याच कसोटीवर पाहू, कारण मराठी घरांत या एका कादंबरीइतकं प्रेम फार थोड्या पुस्तकांना मिळालं आहे आणि ते प्रेम खोटं नाही. सावंतांनी कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण यांनाही बोलायला लावलं. एका माणसाभोवती सहा आवाज उभे करण्याचं धाडस त्या काळात मोठंच होतं. पण वाचकाच्या डोळ्यांत पाणी येतं ते नेमकं कशामुळे? ज्याला सगळे सूतपुत्र म्हणून हिणवतात तो खरं म्हणजे सूतपुत्र नाही, तो सूर्यपुत्र आहे, थोरला पांडव आहे, हे आपल्याला ठाऊक असतं आणि त्या राजसभेला ठाऊक नसतं. अपमान झोंबतो तो चुकीच्या माणसाचा झाला म्हणून. याचाच अर्थ असा की योग्य माणसाचा झाला असता तर तो इतका झोंबला नसता. खरा सूतपुत्र त्या कादंबरीत आहे. तो शोण, अधिरथ आणि राधेच्या पोटचा मुलगा. त्याला बोलायला स्वतंत्र प्रकरण मिळालं, पण तो बोलतो ते भावाच्या थोरवीबद्दल. सूताच्या घरात जन्मून सूत म्हणूनच जगायचं असतं तेव्हा रंगमंडपातल्या त्या शब्दाचा अर्थ काय होतो, हे शोणच सांगू शकला असता. जन्माने क्षत्रिय असलेल्याचं दुःख कादंबरीने इतकं मोठं केलं की जन्माने सूत असलेल्याला दुःख असू शकतं याचा विसर पडला.

हा दोष एकट्या मराठीचा नाही. या प्रकारातली जगभर गाजलेली कादंबरी म्हणजे जीन ऱ्हीस यांची ‘वाइड सारगासो सी’, साल १९६६. शार्लट ब्राँटेच्या ‘जेन एअर’मध्ये (१८४७) माळ्यावर कोंडलेली वेडी बायको आहे. ती ओरडते, घराला आग लावते आणि मरते, म्हणजे नायिकेचं लग्न मार्गी लागतं. ऱ्हीस स्वतः वेस्ट इंडीजमधल्या डॉमिनिका बेटावर जन्मलेल्या. त्यांनी त्या बाईला तिचं बेट दिलं, लहानपण दिलं, वेगळं नाव दिलं आणि ती वेडी कशी ठरवली गेली ते दाखवलं. पण ती बाई गुलाम बाळगणाऱ्या मळेवाल्याची मुलगी आहे. तिला सांभाळणारी क्रिस्तोफीन ही काळी बाई कादंबरीतलं सगळ्यांत शहाणं आणि निर्भय बोलणं बोलते, आणि मग कथेतून निघून जाते ती परत येत नाही. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८५ साली नेमकं याच जागी बोट ठेवलं. एका कडेच्या बाईला मधे आणताना दुसरी कडेला गेली. मार्गारेट ॲटवूड यांनी ‘पेनेलोपियाड’मध्ये (२००५) ही चूक ओळखली होती, असं मला वाटतं. ओडिसियस घरी परतल्यावर बारा दासींना फासावर लटकवलं जातं. होमरच्या काव्यात ही बाब थोड्या ओळींत उरकते. ॲटवूड यांनी राणीला बोलू दिलं, पण तिच्या बोलण्यात त्या बारा जणींचा कोरस पुन्हा पुन्हा घुसवला. राणीची बाजू ऐकून आपण हळवे होऊ लागतो तेवढ्यात त्या येतात आणि हळवं होऊ देत नाहीत. आपल्या हजार जणींना असा कोरस मिळालेला नाही.

आपल्याकडे हा विचार आलाच नाही, असं मात्र कोणी म्हणू नये. ऱ्हीस यांच्या त्र्याण्णव वर्षं आधी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त दशावतारांची कथा उलटी सांगितली. तिथे वामन देव राहिला नाही आणि बळी दैत्य राहिला नाही. जमीन कसणाऱ्यांचा राजा कपटाने पाताळात घातला गेला, एवढंच उरलं. फुल्यांनी ही दृष्टी हवेतून आणली नव्हती. इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो, हे मागणं ज्या घराघरांत दिवाळीला म्हटलं जातं त्या घरांना पुराणातला हरलेला पक्ष आपला वाटत होता. फुल्यांनी त्या वाटण्याला विचाराचं रूप दिलं. आणि इरावती कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये मयसभेकडे पाहताना तिच्या शोभेवर नजर खिळू दिली नाही. ज्या खांडववनाची राख करून पांडवांच्या राजधानीला जागा झाली त्या वनात कोण राहत होतं आणि कोण जळालं, हे त्यांनी विचारलं. ‘युगान्त’ही १९६७चंच. एकाच वर्षात मराठीला दोन वाटा दिसल्या होत्या: एक दुर्लक्षित वीराला मोठं करण्याची, दुसरी मोठेपणाच्या पायाखालची राख उकरण्याची. कादंबरीकारांनी बहुतांशी पहिली धरली. महाश्वेता देवींनी बंगालीत दुसरी धरली. लाक्षागृहात पांडवांच्या जागी एक निषादी आणि तिचे पाच मुलगे जळून मेले, आणि त्यांची प्रेतं पांडवांची समजली गेली म्हणून पांडव वाचले. महाश्वेता देवींच्या कथेत वनात राहायला आलेल्या म्हाताऱ्या कुंतीसमोर त्या निषादीची सून उभी राहते. कुंतीला स्वतःची सगळी पापं आठवत असतात. हे एक आठवत नसतं.

आता परभणी जिल्ह्याकडे येतो. या प्रश्नाचं मराठीतलं सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत खोल उदाहरण गोदावरीच्या काठी गंगाखेडला आहे. संत जनाबाईचं हे गाव. १ मे १९९९ला हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. तोवर गंगाखेड आणि नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नर्सी ही दोन्ही गावं परभणी जिल्ह्यातच होती. म्हणजे चरित्राचा नायक आणि त्याच्या घरची दासी, दोघं एकाच मुलखातली. परंपरा सांगते की दमा आणि करुंड यांची ही मुलगी अगदी लहानपणी पंढरपूरला नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी आली आणि तिथेच राहिली. ‘नामयाची दासी’ हीच तिची ओळख झाली. अभंगाच्या शेवटी सही करतानाही ती आपलं नाव मालकाच्या नावाला जोडूनच घेते. महिपतींच्या ‘भक्तविजया’त (१७६२) ती आहे, पण ती नामदेवांच्या थोरवीच्या कथेत मधूनमधून येणारं पात्र म्हणून. कडेचं पात्र म्हणतात ते हेच. फरक एवढाच की हे पात्र स्वतः कवी आहे, आणि तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. ते सगळे एकाच जनीचे का, याबद्दल अभ्यासकांची मतं वेगवेगळी आहेत. पण त्या सगळ्यांतून उभी राहणारी बाई एकच आहे आणि ती कामात आहे.

तिच्या कथा आपण चमत्कार म्हणून ऐकत आलो. विठ्ठल येऊन दळू लागतो, पाणी भरतो, धुणं धुतो, शेणी वेचतो. गोपाळपूरला तिचं जातं म्हणून दाखवतात आणि त्यापुढे माणसं हात जोडतात. मला या कथांत आधी दिसते ती कामाची यादी. दळण, कांडण, पाणी, धुणं, झाडलोट, शेणगोठा: एका मोठ्या घरात एका बाईच्या अंगावर पहाटेपासून काय काय पडत होतं याची इतकी सविस्तर नोंद त्या काळच्या दुसऱ्या कुठल्या मराठी मजकुरात क्वचितच असेल. देव इतरांना दर्शन द्यायला येतो, वर द्यायला येतो. जनीकडे तो दळायला येतो, कारण ते दळण एकटीला उरकणारं नव्हतं. दुसरी कथा पदकाची. देवाच्या गळ्यातला दागिना हरवतो आणि आळ येतो तो जनीवर. तिला सुळावर द्यायला नेतात, आणि मग सुळाचं पाणी होतं. सुळाचं पाणी झालं हा श्रद्धेचा भाग, तो ज्याचा त्याने ठेवावा. पण दागिना हरवला की पहिला संशय घरकाम करणारीवर, ही गोष्ट कोणालाही चमत्कार वाटली नाही. ऐकणाऱ्याला ती समजावून सांगावी लागली नाही, इतकी ती रोजची होती. चमत्कारकथा अशी असते. तिच्यातलं नवल बाजूला ठेवलं की जे उरतं ते त्या समाजाचं नेहमीचं वागणं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की जनी स्वतः जुन्या कथा पुन्हा सांगणारी होती. तिच्या नावावर अभंगांबरोबर आख्यानंही आहेत. त्यांत हरिश्चंद्राचं आख्यान आहे आणि द्रौपदीच्या थाळीपाकाचं आहे. पुराणांत इतक्या कथा असताना या दोन कथा तिच्या नावाशी जोडल्या जाव्यात, याचा विचार करण्यासारखा आहे. हरिश्चंद्राच्या कथेत एक राणी पैशासाठी विकली जाते आणि परक्याच्या घरी दासी होते. तिचं पोर साप चावून मरतं, आणि कथेच्या प्रचलित रूपात मालक सांगतो की हातातलं काम आटोप आणि मग मुलाचं बघायला जा. राजाच्या सत्यनिष्ठेचा महिमा म्हणून ही कथा सगळ्यांनी सांगितली आहे. पण जिने दासीचं काम रोज केलं ती जेव्हा ही कथा सांगते तेव्हा ऐकणाऱ्याचं लक्ष राजाच्या सत्याकडून तारामतीच्या हातांकडे वळल्यावाचून राहत नाही. राणी विकली गेली तर तिला लागणारं काम आणि जनीला लागलेलं काम एकच. थाळीपाकाचंही तसंच. सूर्याने दिलेली थाळी द्रौपदी जेवून उठेपर्यंतच अन्न देते. ती शेवटी जेवते, थाळी घासून ठेवते, आणि तेवढ्यात दुर्वास शिष्यांचा लवाजमा घेऊन दारात. सगळ्यांचं झाल्यावर जेवणाऱ्या आणि जेवून उठताच नवे पाहुणे आलेले पाहणाऱ्या बाईला ही कथा समजायला कीर्तनकार लागत नाही. महाभारत रणांगणावरून सांगता येतं तसं ते चुलीपासूनही सांगता येतं, हे जनीच्या परंपरेने केव्हाच करून दाखवलं आहे.

मराठवाड्यातल्या बायकांनी ते चुलीपासून आणि जात्यावरून सांगणं कधी थांबवलंच नाही. डॉ. ना. गो. नांदापूरकरांनी एका बाजूला मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांच्या भारतांचा तौलनिक अभ्यास केला आणि दुसऱ्या बाजूला ‘मऱ्हाटीचे स्त्रीधन’ म्हणून बायकांच्या ओव्या गोळा केल्या. एकाच अभ्यासकाच्या टेबलावर पंडितांचं महाभारत आणि जात्यावरची ओवी शेजारी शेजारी असणं, हे मराठवाड्याच्या विद्वत्तेचं मला मोठं वैशिष्ट्य वाटतं. पुढे हेमा राइरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रभर हिंडून लाखावर ओव्या नोंदवल्या. या ओव्यांतल्या रामायणात राज्याभिषेक फारसा नाही. सीतेचा वनवास आहे, आणि तोही दुसरा, गरोदरपणातला. रावणाच्या अंगठ्याचं चित्र काढायला लावणारी कैकयी आहे, सासुरवासासारखा सासुरवास आहे. दळणारी बाई सीतेची वकिली करत नाही, की तिला क्रांतिकारी भाषणं देत नाही. ती सीतेला आपल्या शेजारी, जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसवते आणि खुंटा तिच्याही हातात देते. कादंबरीकाराने शिकावं असं यात पुष्कळ आहे.

कादंबरीत हे शिकलेला एक माणूस मला दिसतो: दि. बा. मोकाशी. त्यांची ‘आनंदओवरी’ १९७४ साली आली. विषय तुकाराम, बोलणारा तुकोबांचा धाकटा भाऊ कान्होबा. तुकोबा नाहीसे झाले आहेत आणि हा त्यांना शोधतो आहे, आठवतो आहे. तुकोबांच्या चरित्रातली एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते. वाण्याच्या घरातले येणं असलेले कागद तुकोबांनी इंद्रायणीत बुडवले. सगळे नव्हेत. परंपरा सांगते की दोघा भावांनी ते वाटून घेतले. तुकोबांनी आपला वाटा बुडवला आणि कान्होबाने आपला ठेवला. नदीत गेलेल्या अर्ध्या कागदांवर कीर्तनं झाली. घरात राहिलेल्या अर्ध्या कागदांवर, मला वाटतं, घर चाललं. कान्होबाला बोलायला लावणं म्हणजे त्या दुसऱ्या अर्ध्याकडे पाहणं. मोकाशी कान्होबाला तुकोबांपेक्षा मोठा करत नाहीत, तुकोबांना छोटं करून त्याला जागा करून देत नाहीत. तो धाकटाच राहतो, गोंधळलेला, रागावलेला, भावावर जीव असलेला. पण वैराग्याची किंमत किती असते आणि ती कोण भरतं, हे त्याच्या जागेवरूनच दिसतं. तुकोबांच्या जागेवरून ते दिसलं नसतं. कडेच्या पात्राची जागा म्हणजे काय, हे मराठीत याहून नेमकं कोणी दाखवलेलं मला माहीत नाही.

या सगळ्यावर घेतले जाणारे आक्षेप हलके नाहीत. पहिला असा की जुन्या माणसांच्या तोंडी आजचे विचार घालणं हा त्यांच्यावर अन्याय आहे; तेराव्या-चौदाव्या शतकातली दासी एकविसाव्या शतकाची भाषा बोलू लागली तर ती जनी राहत नाही. हे मला पूर्ण मान्य आहे, आणि अनेक कादंबऱ्या इथेच कोसळतात. पण याचा उपाय लिहिणं थांबवणं हा नव्हे, मजकूर अधिक बारकाईने वाचणं हा आहे. नामदेवांच्या गाथेतच आई गोणाई आणि बायको राजाई यांच्या तक्रारींचे अभंग आहेत. घरात दाणा नाही आणि मुलगा देवळात बसलाय, नवरा देवळात बसलाय, हे त्या घरच्या बायका बोलतात, राजाई रुक्मिणीकडे गाऱ्हाणं नेते. संताच्या घरात संताविरुद्ध बोललं जात होतं, आणि परंपरेने ते खोडून न टाकता जपून ठेवलं. हे आजच्या काळाने घुसवलेलं नाही. मूळ मजकुरात अशा फटी असतात आणि लेखकाने त्या फटींतून आत जावं. भिंत पाडून आत शिरणाऱ्याला घर कसं होतं ते कधीच कळत नाही. ऱ्हीस यांनी त्या कोंडलेल्या बाईला वाचवलं नाही. मूळ कादंबरीत घर जळतं, त्यांच्याही कादंबरीत ते जळण्याच्या वाटेवरच आहे. जनीलाही कोणी लेखक नामदेवांच्या घरातून सोडवून नेऊ शकत नाही. ती तिथे का होती एवढंच तो विचारू शकतो.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा. संतांच्या घरातली भांडणं, दारिद्र्य, दासीचे कष्ट असं उकरून काढलं की भाविकांचं मन दुखावतं, असं म्हणतात. हा आक्षेप घेणाऱ्यांनी वारकऱ्यांना फार नाजूक समजू नये. कबीर जनीला भेटायला आले तेव्हा ती शेणाच्या गोवऱ्यांवरून दुसऱ्या बाईशी भांडत होती, ही कथा वारकरीच सांगतात आणि प्रेमाने सांगतात. गोवऱ्या कोणाच्या हे कळावं कसं, तर ज्या गोवरीतून विठ्ठलनाम ऐकू येईल ती जनीची. संतबाई आहे, आणि गोवऱ्यांवरून भांडते आहे, कारण गोवऱ्या चोरीला गेल्या तर दुसऱ्या दिवशी चुलीत काय घालायचं हा तिचा प्रश्न आहे. या परंपरेला जनीच्या कष्टांची लाज वाटली नाही. उलट शेण, राख, दळण यांच्यासकट तिने जनीला पूज्य मानलं. लाज वाटली असेल तर ती नंतरच्या गुळगुळीत चरित्रकारांना, ज्यांनी तिचं दास्य ‘भक्तीचा एक प्रकार’ म्हणून सांगितलं आणि विषय संपवला.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत जड वाटतो. ज्या बाईने स्वतः इतकं म्हणून ठेवलं आहे तिच्या वतीने दुसऱ्याने ‘मी जनी’ म्हणून बोलण्याचा अधिकार कोणाला? निषादीला शब्द नव्हते, त्या हजार जणींना नव्हते. त्यांच्यासाठी कोणी बोललं तर ते समजण्यासारखं आहे. जे. एम. कोएट्झी यांनी ‘फो’ (१९८६) या कादंबरीत रॉबिन्सन क्रूसोच्या फ्रायडेला जीभच ठेवली नाही, आणि त्याच्या तोंडी स्वतःचे शब्द घालायचं शेवटपर्यंत नाकारलं. त्यातला संयम मला फार मोठा वाटतो. जनीची गोष्ट उलटी आहे. तिला जीभ आहे, आणि ती चांगलीच धारदार आहे, देवालासुद्धा सुनावणारी. मंजुश्री गोखले यांनी ‘ओंकाराची रेख जना’ ही कादंबरी तिच्यावर लिहिली. आणखीही लिहिल्या जातील, जाव्यात. पण तिच्या तोंडून नवे शब्द वदवण्यापेक्षा तिने ज्याबद्दल काहीच म्हटलं नाही तिकडे जावं, असं मला वाटतं. ती देवाबद्दल बोलली, कामाबद्दल बोलली, नामदेवांबद्दल बोलली. आपण त्या घरात कशा आलो, ज्यांनी आणून सोडलं त्यांचं काय झालं, याबद्दल परंपरेकडे दोन-तीन कथा आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. एकीत आई वारलेली आहे आणि बापाला पोर सांभाळता येत नाही. दुसरीत वारीला आलेली पोर देवळातून परत जायला तयार होत नाही. भाविकाला दुसरी आवडते. पण ती रचावी लागली, यातच पहिली किती बोचत होती ते दिसतं.

म्हणून जनीची खरी कादंबरी जनीने सांगू नये, तिच्या बापाने, दमाने सांगावी. मोकाशींनी कान्होबा निवडला तसा. आपल्या पाच-सहा वर्षांच्या मुलीला कोणाच्या तरी पदरी टाकायला निघालेला बाप हा काही फक्त जुन्या काळातला माणूस नाही. गंगाखेड-पालमच्या बालाघाटी डोंगरपट्ट्यातून आजही ऊसतोडीला जोडपी बाहेर पडतात, आणि निघायच्या आदल्या रात्री पोरांना बरोबर फडावर न्यायचं की म्हातारीपाशी ठेवायचं, याचा निवाडा घराघरांत होतो. दमाला तो निवाडा असाच करावा लागला असेल, किंवा वेगळ्या कारणाने. दुष्काळ, कर्ज, मरण, नवस, यांतलं काहीही असू शकतं, आणि कादंबरीकाराने त्यातलं एक निवडताना स्वतःला शंभरदा विचारावं. त्याने पैसे घेतले होते का? दामाशेटीच्या दारात काय बोलणं झालं? पुढे त्याने कधी ऐकलं का, की पंढरीत एक जनी म्हणून आहे आणि लोक तिचे अभंग म्हणतात? ऐकलं असेल तर ती आपलीच, हे तो कोणाला सांगू शकला का?

शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी दर आषाढीला परभणीवरून गंगाखेडला येते, मुक्काम करते आणि परळी, अंबाजोगाईच्या रस्त्याने पंढरपूरकडे जाते. टाळ, मृदंग, पताका, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी आणि भाकरी घेऊन उभी राहिलेली गावं. दमाही मुलीचं बोट धरून असाच कधीतरी गोदेच्या काठावरून दिंडीबरोबर निघाला असेल. जाताना सोबत होती. वारी संपल्यावर परतीची वाट कोणी अभंगात घेत नाही. माणसं पांगतात, पाऊस लागलेला असतो, पेरणीची घाई असते. त्या वाटेवर तो रिकाम्या हाताने कित्येक मुक्काम चालत आला.